अख्खे धान्य आणि डबाबंद भाजी: पोषणमूल्यांच्या तुलनेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही तुलना नेमकी कोणत्या दोन पदार्थांची आहे?

अख्खे धान्य म्हणून येथे ओट्स आणि डबाबंद भाजी म्हणून मिठाच्या पाण्यातले हिरवे मटार घेतले आहेत. दोन्ही पदार्थ जगभर मिळतात आणि दोहोंचे पोषणघटक बारकाईने मोजले गेलेले आहेत. मटार निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. काकडी किंवा कोबी घेतला असता, तर धान्यात ऊर्जा जास्त आणि भाजीत कमी एवढे सांगून विषय संपला असता. मटारमध्ये मात्र पिष्टही असते आणि प्रथिनेही असतात, त्यामुळे तो धान्याच्या बरोबरीने तोलता येतो आणि तुलना करताना होणाऱ्या चुकाही त्यात स्पष्ट दिसतात. पुढे दिलेले आकडे सरासरीचे आहेत. वाण, जमीन, काढणीची वेळ आणि कारखान्यातली प्रक्रिया यांनुसार ते थोडे मागेपुढे होतात.

अख्खे धान्य कशाला म्हणायचे? दळलेले किंवा चपटे केलेले धान्य अख्खे राहते का?

धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात: बाहेरचा कोंडा, तळाशी असलेला अंकुर आणि मधला पिष्टमय गाभा. हे तिन्ही भाग मूळ दाण्यात ज्या प्रमाणात असतात त्याच प्रमाणात उरले असतील, तर धान्य दळले, भरडले किंवा रुळाखाली चपटे केले तरी ते अख्खेच मानले जाते. त्यामुळे ओट्सचे पोहे अख्ख्या धान्यात मोडतात. गव्हाच्या दाण्यात गाभ्याचे वजन सुमारे ८३ टक्के, कोंड्याचे सुमारे १४ टक्के आणि अंकुराचे दोन ते तीन टक्के असते. पण तंतुमय पदार्थ, खनिजे आणि ब गटातली जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा त्या उरलेल्या सतरा टक्क्यांतच साठवलेला असतो.

कोंड्याचे हे महत्त्व माणसाला फार उशिरा कळले आणि त्याची किंमतही मोठी मोजावी लागली. १८९० च्या दशकात जावा बेटावर काम करणाऱ्या क्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरांच्या लक्षात आले, की केवळ सडून कोंडा काढलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय बेरीबेरीच्या रुग्णांसारखे लुळे पडतात आणि बिनसडीचा तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. कोंड्याबरोबर जे फेकले जात होते, ते ब-१ जीवनसत्त्व होते. या कामासाठी आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

भाजी डबाबंद करताना तिच्यावर कोणकोणत्या प्रक्रिया होतात?

मटार सोलून निवडले जातात आणि थोडा वेळ गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढले जातात. त्यामुळे दाण्यातली विकरे (एन्झाइम) निष्क्रिय होतात आणि आत अडकलेली हवा निघून जाते. मग दाणे डब्यात भरून त्यावर मिठाचे आणि कधी थोड्या साखरेचेही पाणी ओततात, झाकण हवाबंद करतात आणि संपूर्ण डबा दाबाच्या पात्रात तापवतात. मटारसारख्या कमी आम्लाच्या भाजीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू टिकून राहू शकतात. ते नष्ट व्हावेत म्हणून डब्याच्या मध्यभागी १२१ अंश सेल्सियस तापमानाला तीन मिनिटे ठेवण्याएवढी उष्णता पोहोचणे आवश्यक मानले जाते. टोमॅटो मुळातच आंबट असल्यामुळे त्याला एवढ्या कडक उष्णतेची गरज पडत नाही.

या पद्धतीचे मूळ फ्रान्समध्ये आहे. निकोला आपेर यांनी काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट लावून ते उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत १८१० मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यासाठी फ्रेंच सरकारने त्यांना १२,००० फ्रँक दिले. असे अन्न का टिकते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. त्याचा उलगडा सुमारे अर्ध्या शतकानंतर लुई पाश्चर यांच्या कामातून झाला. डबाबंद भाजी उष्णतेने आणि हवाबंद झाकणाने टिकते, त्यासाठी वेगळे परिरक्षक घालण्याची गरज नसते. मीठ घातले जाते ते मुख्यतः चवीसाठी. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे मिठाचा प्रश्न येणार आहे.

१०० ग्रॅममागे पाहिले तर धान्य सर्वच बाबतींत पुढे दिसते. मग प्रश्न मिटला नाही का?

मिटला नाही. उलट, बहुतेकांची चूक नेमकी येथेच होते.

१०० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये सुमारे ३८९ किलोकॅलरी ऊर्जा, १७ ग्रॅम प्रथिने, साडेदहा ग्रॅम तंतुमय पदार्थ, ४.७ मिलिग्रॅम लोह आणि १७७ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. १०० ग्रॅम निथळलेल्या डबाबंद मटारमध्ये सुमारे ६९ किलोकॅलरी, साडेचार ग्रॅम प्रथिने, चार ते पाच ग्रॅम तंतुमय पदार्थ, जेमतेम १ मिलिग्रॅम लोह आणि १७ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर मटार बिचारा वाटतो. पण कोरड्या ओट्समध्ये पाणी असते अवघे आठ टक्के आणि मटारमध्ये ऐंशी टक्क्यांहून अधिक. म्हणजे आपण एका बाजूला जवळजवळ संपूर्ण अन्न तोलत आहोत आणि दुसऱ्या बाजूला बहुतांशी पाणी. शिवाय कोरडे ओट्स त्याच स्थितीत कोणी पोटभर खात नाही. ते शिजतात, पाणी शोषतात आणि पाच-साडेपाच पट जड होतात.

आता तेच ओट्स पाण्यात शिजवून पुन्हा तोलू. १०० ग्रॅम शिजवलेल्या ओट्समध्ये सुमारे ७१ किलोकॅलरी, अडीच ग्रॅम प्रथिने, पावणेदोन ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ, ०.९ मिलिग्रॅम लोह आणि २७ मिलिग्रॅम मॅग्नेशियम उरते. पाण्याचे प्रमाण चौऱ्यांशी टक्क्यांच्या जवळ जाते. ऊर्जेचा आकडा मटारच्या आकड्याला जवळजवळ येऊन भिडला. प्रथिनांत आणि तंतुमय पदार्थांत मटार पुढे गेला, लोहात दोघे बरोबरीला आले आणि ओट्सची आघाडी मॅग्नेशियमपुरती उरली. दाणा तोच, घटक तेच, केवळ पाणी घातल्याने निकाल फिरला. म्हणून कोणत्याही तक्त्यातला आकडा वापरण्यापूर्वी तो कोरड्या पदार्थाचा आहे की शिजवलेल्या, निथळलेल्या पदार्थाचा आहे की पाण्यासकट मोजलेल्या, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मग तुलनेचे योग्य माप कोणते?

एकच माप सर्व प्रश्नांना पुरत नाही. पण पाण्याचा गोंधळ टाळायचा असेल तर समान ऊर्जेचे माप उपयोगी पडते. १०० किलोकॅलरी मिळवण्यासाठी सुमारे २६ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, जे शिजल्यावर साधारण १४० ग्रॅम भरतात, आणि निथळलेले मटार लागतात सुमारे १४५ ग्रॅम. म्हणजे ताटातले वजनही जवळजवळ सारखेच येते, आणि म्हणूनच ही जोडी तुलनेला सोयीची आहे.

या मापाने ओट्समधून सुमारे सव्वाचार ग्रॅम प्रथिने, पावणेतीन ग्रॅम तंतुमय पदार्थ, १.२ मिलिग्रॅम लोह, ४५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि १४ मायक्रोग्रॅम फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व) मिळते. क जीवनसत्त्व मुळीच मिळत नाही आणि सोडियम नगण्य असते. मटारमधून सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने, सहा ते सात ग्रॅम तंतुमय पदार्थ, १.४ मिलिग्रॅम लोह, २५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ६० मायक्रोग्रॅमहून थोडे अधिक फोलेट आणि १४ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. त्याबरोबर ३५० ते ४०० मिलिग्रॅम सोडियमही येते.

मात्र हे माप मटारसारख्या पिष्टमय भाजीलाच शोभते. टोमॅटो किंवा फरसबी यांच्यातून १०० किलोकॅलरी मिळवायची म्हटली तर पाव किलोहून कितीतरी जास्त भाजी खावी लागेल. तेथे आपण एका वेळी प्रत्यक्ष जेवढे खातो तेवढ्या वाढपाचे माप घेणे अधिक प्रामाणिक ठरते.

प्रथिने दोन्हींत आहेत. त्यांच्या दर्जात फरक आहे का?

फरक आहे, आणि तो एकमेकांना पूरक ठरणारा आहे. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनांचा असा घटक, जो शरीर स्वतः बनवू शकत नाही) कमी पडते. प्रौढांच्या गरजेनुसार प्रथिनाच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लायसिन असावे असे मानले जाते. ओट्समध्ये ते ४० च्या आसपास असते (गव्हात याहून बरेच कमी), तर मटारमध्ये ६० च्या जवळ जाते. उलट, गंधकयुक्त अमिनो आम्ले मटारमध्ये काठावर असतात आणि धान्यात पुरेशी असतात. दोन्ही पदार्थ दिवसभराच्या आहारात आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. ते एकाच घासात खाण्याची सक्ती नाही.

मटार हा शेंगवर्गीय वनस्पतीचा दाणा असल्यामुळे त्याला हे जमते. डबाबंद गाजर, पालक किंवा फरसबी यांच्याकडून प्रथिनांची अशी अपेक्षा ठेवू नये.

तंतुमय पदार्थ म्हणजे केवळ चोथा असेल, तर तो कुठूनही आला तरी सारखाच नाही का?

नाही. ओट्समधल्या तंतूंपैकी मोठा भाग बीटा-ग्लुकान या विरघळणाऱ्या तंतूचा असतो. तो पाण्यात फुगून दाट, चिकट होतो (शिजवलेल्या ओट्सना जो बुळबुळीतपणा येतो, तो त्याचाच) आणि आतड्यात पित्ताम्लांना अडकवून शरीराबाहेर नेतो. नवीन पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते, त्यामुळे त्याची पातळी उतरण्यास मदत होते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात जात असेल तर हा परिणाम अपेक्षित धरता येतो, या आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनावर तसा उल्लेख करण्यास परवानगी दिली. ओट्समध्ये त्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे चार टक्के धरले तर ३ ग्रॅमसाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. एका लहान वाडग्यात एवढे बसत नाहीत, हे वेष्टनावरच्या मोठ्या अक्षरांत दिसत नाही.

मटारमधले तंतू बहुतांशी न विरघळणारे असतात, शिवाय त्यात थोडे प्रतिरोधक (लहान आतड्यात न पचणारे) पिष्ट असते. मलाला आकारमान देणे आणि आतड्याची हालचाल नियमित ठेवणे यांत त्यांचा उपयोग अधिक. डबाबंद करताना तंतूंचे फारसे नुकसान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे सुचवली आहेत.

डबाबंद केल्यावर भाजीतील क जीवनसत्त्व नष्ट होते का?

पूर्ण नष्ट होत नाही, पण मोठा वाटा जातो. १०० ग्रॅम ताज्या कच्च्या मटारमध्ये सुमारे ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि डबाबंद, निथळलेल्या मटारमध्ये १० मिलिग्रॅमच्या आसपास उरते. काही भाग उष्णतेने मोडतो आणि बराचसा पाण्यात उतरतो, कारण ते पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व आहे. ब गटातल्या ब-१ आणि फोलेट यांचेही थोड्याफार फरकाने असेच होते. खनिजे उष्णतेने मोडत नाहीत, पण पाण्यात उतरतात. १०० ग्रॅम ताज्या मटारमधले २४० मिलिग्रॅमच्या आसपासचे पोटॅशियम डब्यात १७० पर्यंत खाली येते, ते याच मार्गाने.

येथे दोन गोष्टी डबाबंद भाजीच्या बाजूने सांगणे मला न्याय्य वाटते. पहिली अशी, की ज्या ताज्या मटारशी आपण तिची तुलना करतो तो तोडल्याच्या क्षणाचा असतो. प्रत्यक्षात ताजी भाजी वाहतुकीत आणि साठवणीत रोज थोडे थोडे क जीवनसत्त्व गमावत असते आणि नंतर आपण ती शिजवतोही, तर डबाबंद भाजीचे मोठे नुकसान एकदाच होते आणि त्यानंतर हवेचा संपर्क नसल्याने उरलेले जीवनसत्त्व महिनोन्‌महिने बऱ्यापैकी टिकते. दुसरी अशी, की आपली तुलना ताज्या भाजीशी नसून धान्याशी आहे आणि कोरड्या धान्यात क जीवनसत्त्व मुळातच नसते. दहा मिलिग्रॅम हे शून्यापेक्षा जास्तच आहे.

लोहाचे प्रमाण दोन्हींत सारखे असेल, तर शरीराला मिळणारे लोहही सारखेच असते का?

तक्त्यातला आकडा म्हणजे पदार्थात असलेले लोह, रक्तात पोहोचणारे लोह नव्हे. वनस्पतिजन्य लोह एरवीही कमी शोषले जाते, आणि धान्याच्या कोंड्यात असलेले फायटिक आम्ल लोह, जस्त व कॅल्शियम यांना बांधून ठेवून ते शोषण आणखी घटवते. ज्या कोंड्यामुळे अख्ख्या धान्यात खनिजे भरपूर असतात, तोच कोंडा त्यांची वाट अडवतो. धान्य भिजवल्याने, मोड आणल्याने किंवा आंबवल्याने दाण्यातले फायटेज हे विकर जागे होते आणि फायटिक आम्ल मोडू लागते. मात्र ओट्समध्ये हे विकर मुळात कमी असते, आणि साठवणीत ते खवट होऊ नयेत म्हणून कारखान्यात त्यांना जी वाफ व उष्णता दिली जाते तिच्यात उरलेसुरले निकामी होते. त्यामुळे ओट्स रात्रभर पाण्यात नुसते भिजत ठेवल्याने फायटिक आम्ल फारसे कमी होत नाही, ही बाब अनेकांना ठाऊक नसते.

मटारमध्येही फायटिक आम्ल असते, पण कमी. याखेरीज क जीवनसत्त्व त्याच जेवणात असेल तर ते लोहाला शोषणयोग्य रूपात ठेवते. डबाबंद मटारमध्ये उरलेले क जीवनसत्त्व या कामाला थोडा हातभार लावते, पण त्यावर भिस्त ठेवण्याइतके ते नसते. धान्याच्या जेवणाबरोबर एखादे लिंबूवर्गीय फळ किंवा ढोबळी मिरचीसारखी क जीवनसत्त्वाने समृद्ध ताजी भाजी घेतल्यास लोहाच्या दृष्टीने खरा फरक पडतो. ज्यांच्या रक्तात लोहाची कमतरता आढळली आहे, त्यांनी केवळ तक्त्यावरून धान्य किंवा भाजी निवडू नये, वैद्यकीय सल्ला घ्यावा.

डबाबंद भाजीतील मीठ कितपत चिंतेची बाब आहे?

या तुलनेत डबाबंद भाजीची सर्वांत कमकुवत बाजू हीच आहे. १०० ग्रॅम ताज्या मटारमध्ये सोडियम असते अवघे ५ मिलिग्रॅम. मिठाच्या पाण्यातल्या डबाबंद मटारमध्ये ते २५० ते २७५ पर्यंत जाते. निसर्गतः मटारमध्ये पोटॅशियम सोडियमच्या कितीतरी पट असते. डब्यातून बाहेर येईपर्यंत हे नाते उलटते आणि सोडियम वरचढ होते. रक्तदाबासाठी या दोहोंचे प्रमाण महत्त्वाचे असल्यामुळे हा बदल दुर्लक्षिण्यासारखा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजेच ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा येतो. त्या हिशेबाने १४५ ग्रॅम मटारमधून जवळजवळ १ ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा सुमारे पाचवा भाग एकाच वाढपात संपतो. ओट्सची बाजू येथे निर्विवाद उजवी आहे, अर्थात ते शिजवताना आपणच त्यात मीठ घातले नाही तर. आधी सांगितल्याप्रमाणे भाजी टिकवण्यासाठी मीठ अपरिहार्य नसल्यामुळे बिनमिठाची डबाबंद भाजीही तितकीच सुरक्षित असते. ती मिळत असेल तर तीच घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

डब्यातले पाणी काढून टाकावे की वापरावे?

मिठाचे पाणी असेल तर काढून टाकावे आणि दाणे वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्यावेत. डबाबंद शेंगवर्गीय दाण्यांवर झालेल्या मोजमापात नुसते निथळल्याने सोडियम सुमारे एक तृतीयांशाने आणि निथळून धुतल्याने सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्याचे आढळले आहे. याबरोबर पाण्यात उतरलेली काही जीवनसत्त्वे आणि पोटॅशियमही जाते, हे खरे आहे. तरीही मिठापासून होणारी सुटका या नुकसानीपेक्षा मोलाची आहे. बिनमिठाच्या डब्यातले पाणी मात्र फेकू नये. त्यात भाजीतून उतरलेले पोषण असते आणि सूप किंवा रस्सा करताना, किंवा धान्य शिजवतानाच ते वापरता येते.

मटारऐवजी टोमॅटो, गाजर किंवा पालक घेतला तर निष्कर्ष बदलतात का?

बरेच बदलतात. टोमॅटोच्या बाबतीत तर डबाबंद करण्याने काही अंशी फायदाच होतो. त्यातला लायकोपीन हा लाल रंगाचा घटक कच्च्या टोमॅटोत पेशींच्या भिंतींमध्ये अडकलेला असतो. उष्णतेने त्या भिंती सैल होतात आणि शिजवलेल्या किंवा डबाबंद टोमॅटोतून, विशेषतः त्याबरोबर थोडे तेल असेल तर, लायकोपीन अधिक शोषले जाते. गाजर आणि लाल भोपळा यांतले बीटा-कॅरोटीनही उष्णतेत बऱ्यापैकी टिकते आणि पाण्यात विरघळत नसल्यामुळे डब्यातल्या पाण्याबरोबर वाहून जात नाही. ओट्स, गहू, तांदूळ यांत अ जीवनसत्त्वाचा हा स्रोत जवळजवळ नसतोच. पालकात बीटा-कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व टिकते, फोलेट व क जीवनसत्त्व घटते. ऊर्जा आणि प्रथिने यांच्या बाबतीत मात्र या तिन्ही भाज्या धान्याच्या जवळपासही येत नाहीत.

डबाबंद मटारचा रंग फिकट, पिवळसर हिरवा होतो, त्यावरून त्याचे पोषण गेले असे अनेकांना वाटते. उष्णतेमुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम सुटून त्याचे रूप बदलते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

डबाबंद स्वीट कॉर्न धान्यात धरायचे की भाजीत?

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मका हे धान्यच आहे. स्वीट कॉर्न मात्र दाणा कोवळा, दुधाळ असताना काढले जाते. त्यात पाणी जास्त आणि साखर अधिक असते, म्हणून आहारशास्त्रात ते सहसा पिष्टमय भाजी म्हणून मोजले जाते. पूर्ण पिकलेला, वाळलेला मका आणि त्याचे अख्खे पीठ धान्यात मोजतात.

मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी या तुलनेकडे कसे पाहावे?

मधुमेहात धान्य अख्खे आहे एवढेच पाहून चालत नाही, ते किती बारीक केले आहे हेही पाहावे लागते. ओट्सचे भरड तुकडे किंवा जाड पोहे सावकाश पचतात. झटपट तयार होणारे, बारीक केलेले ओट्स घटकांच्या दृष्टीने अख्खेच असले तरी रक्तातली साखर लवकर वाढवतात. मटारमधले पिष्ट प्रथिने आणि तंतू यांच्यात गुंतलेले असल्याने त्याचा परिणाम तुलनेने सौम्य असतो. मात्र मटारच्या डब्यात साखर घातली आहे का, हे घटकांच्या यादीत पाहून घ्यावे.

मूत्रपिंडाच्या आजारात सोडियम, पोटॅशियम आणि फॉस्फरस या तिघांवर मर्यादा येऊ शकते, आणि अशा वेळी एरवी गुणाचा मानलेला आकडाही अडचणीचा ठरतो. तेथे या तुलनेचा आधार न घेता डॉक्टर व आहारतज्ज्ञ सांगतील तेच प्रमाण मानावे. ग्लुटेन (गहू, जव यांतले प्रथिन) वर्ज्य असलेल्यांनी ओट्स घेताना ते गहू किंवा जव यांच्या संपर्काशिवाय तयार केलेले आहेत, अशी स्पष्ट नोंद असल्याची खात्री करावी.

डब्याच्या आतल्या लेपाविषयी जे बोलले जाते त्यात तथ्य आहे का?

तथ्य आहे. धातू गंजू नये म्हणून डब्यांना आतून राळेचा लेप देतात आणि त्यात अनेक दशके बिस्फेनॉल-ए हे रसायन वापरले गेले. ते अल्प प्रमाणात अन्नात उतरते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याची दैनंदिन सुरक्षित मर्यादा आधीपेक्षा सुमारे वीस हजार पटींनी खाली आणली आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंमध्ये त्याच्या वापरावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. ज्यांना ही शंका पूर्णपणे टाळायची आहे, त्यांना काचेच्या बरणीतली भाजी किंवा गोठवलेली भाजी हा पर्याय आहे. धान्यही या बाबतीत सर्वस्वी निर्दोष नाही: तांदळात जमिनीतून व पाण्यातून येणारे आर्सेनिक कोंड्यात अधिक साठते, त्यामुळे बिनसडीच्या तांदळात ते पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त आढळते. भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी काढून टाकल्यास ते कमी होते.

एकाच्या जागी दुसरे खाल्ले तर चालेल का?

एखाद्या वेळी चालेल, नेहमी नाही. धान्य सोडून केवळ डबाबंद भाजीवर राहिल्यास ऊर्जा अपुरी पडेल आणि सोडियम वाढत जाईल. भाजी सोडून केवळ धान्यावर राहिल्यास क जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्वाचे स्रोत आणि पुरेसे फोलेट मिळणार नाही. ताजी भाजी हाताशी नसेल त्या दिवशी भाजीच वगळण्यापेक्षा डबा उघडणे निःसंशय चांगले, असे मला वाटते.

वेष्टनावरची माहिती वाचताना कोठे फसगत होते?

डब्यावर निव्वळ वजन आणि निथळलेले वजन असे दोन आकडे असतात आणि पोषणाचा तक्ता त्यांपैकी कशाला लागू आहे, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. पाण्यासकटच्या वजनावर दिलेला आकडा निथळलेल्या भाजीला लावला तर हिशेब चुकतो. धान्याच्या बाबतीत ‘बहुधान्य’ म्हणजे अख्खे धान्य नव्हे. पाच धान्यांचा गाभा एकत्र केला तरी त्यात कोंडा येत नाही. तपकिरी रंगही विश्वासार्ह नसतो, कारण तो काकवीने किंवा जाळलेल्या साखरेनेही आणता येतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते, म्हणून अख्खे धान्य त्या यादीत पहिल्या स्थानी आहे का, हे पाहणे सर्वांत खात्रीचे.

उघडलेला किंवा खराब दिसणारा डबा वापरावा का?

उघडलेल्या डब्यातली उरलेली भाजी काचेच्या किंवा अन्नयोग्य भांड्यात काढून झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. फुगलेला, गळणारा, शिवणीवर खोल पोचा पडलेला किंवा उघडताना जोराने फवारा उडवणारा डबा चाखूनही पाहू नये. बोट्युलिनमच्या विषाला चव किंवा वास असेलच असे नाही आणि त्याची अत्यल्प मात्राही घातक ठरते. असा डबा पिशवीत गुंडाळून मुलांच्या व जनावरांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने टाकावा आणि त्याचा स्पर्श झालेली जागा व हात साबणाने नीट धुवावेत.